पुलपिटामागचे नऊ इंच

माझ्यावर उभे राहिले की आमच्या पाळकसाहेबांना नऊ इंच मिळत. ऐकायला थोडे वाटते, पण त्या नऊ इंचांत काय काय येत होते ते आधी मांडू. एक तर हनुवटी पुलपिटाच्या, म्हणजे उभे राहून उपदेश करायच्या लाकडी पीठाच्या, वर येई. एरवी मंडळींना नुसता भांग दिसला असता. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाई. फोटोत खांदे रुंद दिसत. खाली बसलेल्यांना मान वर करून बघावे लागे, आणि मान एकदा वर केली की ती नकारार्थी हलवायला जरा जड जाते. शिवाय जे अजून पदरात पडायचे होते ते वेगळेच: आजूबाजूच्या साऱ्या चर्चांचे प्रमुखपद, मोठा झगा, नावापुढे लांबलचक बिरुद आणि सभेत मधली खुर्ची. एवढा सगळा डोलारा एका खोक्याच्या पाठीवर.

तो खोका मी. मी एक जुना लाकडी खोका आहे, मित्रांनो. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी त्यांचा गळा दाटून येतो, असे तुम्ही ऐकले असेल. माझा येणार नाही. मला कीव नको, पॉलिश नको आणि माझ्यावर फुलांची कुंडीही ठेवायला नको. मी कुणाखाली उभा होतो आणि काय पाहिले ते सांगतो. खालून फार नीट दिसते.

माझा जन्म घंटेसाठी झाला. एका कारखान्यात चर्चसाठी काशाची घंटा ओतली, आणि प्रवासात तिला धक्का लागू नये म्हणून जाड फळ्या ठोकून मला बांधले. माझ्या चारही अंगांना काळे बाण काढले आणि लिहिले, ‘ही बाजू वर’. सगळ्या प्रवासात माझी समजूत अशी, की वर ठेवायची मौल्यवान वस्तू ती मीच. मुक्कामी पोहोचल्यावर दोर लावून घंटेला मनोऱ्यात चढवले. टाळ्या झाल्या. मी खाली अंगणात तोंड वासून पडून राहिलो.

त्या चर्चचे पहिले पाळक ताडमाड उंच होते. मंडळींचा त्यांच्यावर एवढा जीव, की पुलपिट त्यांच्याच मापाने बांधून घेतले आणि भिंतीत पक्के गाडून टाकले. पाळक बदलत असतात, हे त्या दिवशी कुणाच्याच ध्यानात आले नाही.

पुढचे पाळक आले ते पाच फूट दोन इंच. त्यांच्या पहिल्या उपासनेला मंडळींना आवाज ऐकू आला, माणूस दिसला नाही. एका आजींनी तर शेजारणीला विचारले, “रेडिओ लावलाय का गं?” पुलपिट कापून लहान करावे, असे कुणीतरी सुचवले. पण मोठ्या पाळकांच्या आठवणीला करवत लावायची कुणाची छाती होईना. मग माणसालाच उंच करायचे ठरले. सुताराने मला अर्ध्यावर कापले, पालथा घातला आणि पुलपिटामागे ठेवला. माझे सगळे बाण जमिनीकडे वळले.

मला अपमान वाटला, खोटे कशाला बोलू? पण ते पाळक मला सगळ्यांच्या देखत स्वतः उचलून आणायचे. “थांबा हं, माझी उंची आणतो,” असे म्हणायचे. मंडळी हसायची, तेही हसायचे. उपासना संपली की मला व्हरांड्यात नेऊन माझ्यावरच बसायचे. लोक बाकावर आणि पाळक खाली. ज्याला काही सांगायचे असेल त्याला वर बघावे लागत नसे. अशी अठरा वर्षे गेली. माझ्या वरच्या फळीला त्यांच्या बुटांनी दोन खळगे पडले. लोकांना शाली मिळतात, मला हे मिळाले. मी खूश होतो.

मग आले आपले पाळकसाहेब. पाच फूट तीन. म्हणजे आधीच्यांपेक्षा एक इंच जास्तच. माणूस वाईट नव्हता, हे आत्ताच लिहून ठेवतो. आजाऱ्याच्या घरी जायचे, मातीला वेळेवर पोहोचायचे, मुलांची नावे लक्षात ठेवायचे. बोलायला लागले की पंखे बंद करायचेही लोक विसरायचे. पण बुटके असण्याचे त्यांना काही नव्हते. बुटके दिसण्याचे फार होते.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मावशीला बोलावले. मावशी म्हणजे चर्चची झाडलोट करणारी, घंटा वाजवणारी, शनिवारी गुडघ्यांवर बसून सगळी फरशी पुसणारी बाई. चर्चच्या मागे एक खोली होती. तिथे मावशी आणि तिची थोरली बहीण अक्का बावीस वर्षे राहत होत्या. खोली कामाबरोबर मिळालेली. काम गेले की खोली गेली. मित्रांनो, पुढचे सारे या एका अटीवर अडणार आहे.

“मावशी,” पाळकसाहेब म्हणाले, “लोक यायच्या आत खोका ठेवायचा आणि सगळे गेल्यावरच काढायचा.”

“आणि कुणी विचारलं तर?”

“विचारणार कोण?”

“बरं. म्हणजे तुम्ही उंच आहात, असं समजायचं.”

“असं मी म्हटलं नाही.”

“मीही नाही म्हटलं, साहेब. मी नुसती ठेवणार.”

माझ्या खळग्यांवर हिरवे कापड ताणून बसवले. मी पायरीचा गुप्तहेर झालो. रविवारी पुलपिटामागे, बाकी सहा दिवस मावशीच्या खोलीत, अक्काचे स्टूल म्हणून. अक्काला ऐकू कमी यायचे आणि गुडघे धरलेले असायचे. माझ्यावर बसून ती साऱ्या जगावर टीका करायची, आणि कमी ऐकू येत असल्यामुळे ती टीका रस्त्यापर्यंत जायची. पाळकसाहेबांपेक्षा तिचे वजन जास्त होते, पण ती बसली की मला हलके वाटायचे.

चार वर्षे हे सुरळीत चालले. मग प्रमुखपदाची जागा रिकामी झाली. दोन नावे पुढे आली. एक आपले पाळकसाहेब. दुसरे कुणी सहा फुटांचे गृहस्थ. तिघांची समिती दोघांचेही उपदेश ऐकून ठरवणार होती. आपल्या चर्चची पाळी आधी आली. विषय पाळकसाहेबांनी स्वतः निवडला: पुढाऱ्याची नम्रता. प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तो प्रसंग.

आता गंमत बघा. पाय धुणाऱ्या प्रभूवर बोलायचे म्हणून आमच्या पाळकसाहेबांनी आदल्या दिवशी सुताराला बोलावले आणि माझ्यावर बोट दाखवून म्हणाले, “याला चार इंच वाढव.”

सुताराने मला उलटासुलटा करून पाहिला. “तेरा इंच होतील, साहेब. ही पायरी राहणार नाही, माळा होईल.”

“उद्या सकाळी पाहिजे.”

“सरस वाळायला दोन दिवस लागतात.”

“मग खिळे मार.”

“मारतो. पण नुसतं उभं राहायचं हं. डोलायचं नाही, चवड्यांवर चढायचं नाही.”

“मी काय नाचतो का?”

“नम्रतेवर बोलताना नाचता, साहेब. मागच्या वेळी बघितलंय मी.”

सुतार हसत हसत खिळे ठोकू लागला. चर्चला नवे बाक करायचे होते आणि ते काम कुणाला द्यायचे, हे पाळकसाहेबांच्या एका शब्दावर होते. त्यामुळे त्याने हसण्यावर भागवले, नकारावर नाही. कापड काढून माझ्या डोक्यावर चार इंची चौकट बसवली, आठ खिळे मारले आणि वरून पुन्हा कापड ताणले. तो प्रत्येक खिळा मला लागला. पण ते दुखणे मी मोजत नाही.

रविवारी सकाळी मावशीने मला उचलले आणि थबकली. “साहेब, हा जड झालाय. आणि डुगडुगतोय.”

“ठेवा मुकाट्याने.”

“ठेवते. सव्वीस वर्षं सगळं मुकाट्यानेच ठेवतेय.”

तिने मला ठेवले ते अगदी सरळ. पुलपिटाला समांतर, भिंतीपासून एक वीत, रोजच्या जागी. माझ्याखाली धुळीचा कणही नव्हता.

समितीचे तिघे पहिल्या बाकावर बसले. मधे अध्यक्षबाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, मांडीवर पिशवी, हातात पेन्सिल. पाळकसाहेब वर चढले. आज त्यांचे कोपरही पुलपिटाच्या वर होते. बोलणे मात्र सुरेख चालले होते. प्रभूने खुर्ची मागितली नाही, असे ते म्हणाले. मला वाटले, खोकाही मागितला नव्हता. पाय धुणाऱ्याला उंची लागते कशाला? तेवढ्यात ते रंगात आले. “पुढारी तोच,” असे म्हणून त्यांनी दोन्ही हात वर केले, चवड्यांवर चढले, “जो सगळ्यांच्या खाली…”

आणि गेले. मंडळींच्या डोळ्यांदेखत पाळकसाहेब नाहीसे झाले. माइकमधून फक्त “आई गं!” एवढे ऐकू आले.

मित्रांनो, मी हललो नाही. कुठल्याही कोर्टात उभा करा, हेच सांगेन. माझे नऊ इंच जागच्या जागी होते. हलले ते उसने चार.

पाळकसाहेब पुलपिटाला धरून पुन्हा माझ्यावर उभे राहिले. घोटा मुरगळला होता, चेहरा पांढरा पडला होता.  पहिल्या बाकावर तीन पेन्सिली थांबलेल्या. ‘मी पायरी वाढवून घेतली होती, घाई माझीच,’ एवढ्या एका वाक्याने काम भागले असते. लोक हसले असते, तेही हसले असते, आणि उपदेश खरा ठरला असता. मी त्यांच्या पायाखालीच होतो; तळवे विचार करताना कसे थरथरतात ते मला कळते. ते क्षणभर थरथरले. मग घट्ट झाले.

“क्षमा करा, मंडळी,” ते म्हणाले. “आमच्या मावशींनी पायरी नीट ठेवली नव्हती. त्यांचं वय झालंय. आपण सगळे मिळून त्यांना क्षमा करू या.”

बाकांवरून कौतुकाचा सुस्कारा गेला. समितीतल्या एकाने लिहिले, ‘मन मोठे’. असा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला: गुन्हा झालेला नसताना क्षमा देऊन टाकली, तीही माइकवरून. मागे दाराशी घंटेच्या दोराजवळ उभी असलेली मावशी म्हणाली, “मी तर नीट ठेवला होता.” पण तिच्यापाशी माइक नव्हता.

दुपारी पाळकसाहेबांनी मला आपल्या खोलीत नेले, दार लावले आणि हातोडा घेतला. मोडकी चौकट उपटून फेकली, आठही खिळे काढले, माझ्यावर कापड पुन्हा ठोकले. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच हातोडा धरला असावा, कारण तिसऱ्याच चुकेला डावा अंगठा ठेचला. चुका म्हणजे बारीक खिळे हो. दुसऱ्या चुका ते त्या दिवशी सरळ ठोकत होते.

प्रकरण इथेच संपले असते. पण सोमवारी मावशी त्यांच्या दारात गेली. मी तिच्या काखेत होतो.

“साहेब, ती क्षमा परत घ्या.”

“काय?”

“रविवारी दिलीत ती. मला नको. मी काही केलं नाही.”

“मावशी, किती लहानशी गोष्ट. समितीचा निर्णय सहा दिवसांवर आलाय. थोडी नम्रता दाखवा ना.”

“नम्रता मी दर शनिवारी दाखवते, साहेब, फरशीला. तुम्ही त्यावरून चालत जाता. आता पाळी तुमची.”

पाळकसाहेब रागावले नाहीत. त्यांनी पंचांकडे काम सोपवले. चर्चचा कारभार पाहणाऱ्या सात जणांना आमच्याकडे पंच म्हणत. बुधवारी सभा बसली. मला टेबलावर ठेवले, पुरावा म्हणून. मावशी उभी, बाकी सगळे बसलेले.

“खोक्यावर चार इंचांचा मजला चढवला होता,” मावशी म्हणाली. “तो सुटला.”

“कसला मजला?” पाळकसाहेबांनी मला थोपटले. “हा तर नेहमीचाच.”

मुख्य पंचांनी मला दोन्ही हातांनी हलवून पाहिले. मी डुगडुगलो नाही. “खोका ठणठणीत आहे,” ते म्हणाले. “म्हणजे दोष ठेवण्याचा.”

मित्रांनो, मजबूत असल्याची लाज वाटणे काय असते, ते मला त्या दिवशी कळले. मी मोडलेला असतो तर मावशी सुटली असती. माझ्या धडधाकटपणानेच तिला गुन्हेगार ठरवले.

“कापड काढून बघा,” ती म्हणाली. “खिळ्यांची भोकं असतील.”

 मग मुख्य पंच म्हणाले, “मावशी, कापड काढणं म्हणजे पाळकसाहेबांवर संशय घेणं. ते आपल्याला शोभतं का?”

“आणि माझ्यावर घेणं शोभतं?”

“तुम्ही विषय वाढवू नका.”

सुतारकाम करणाऱ्या घरात वाढलेल्या प्रभूचे नाव ही माणसे रोज घेत होती. आणि लाकडावर काय घडलेय ते बघायला एकानेही चष्मा पुढे सरकवला नाही. ठराव झाला: मावशीने येत्या रविवारी मंडळींसमोर माफी मागावी. मागितली तर प्रकरण मिटले. नाही मागितली तर खोली रिकामी करावी. सात हात वर झाले. पाळकसाहेब तेवढे खिडकीबाहेर बघत होते.

खोलीवर आल्यावर अक्का माझ्यावर बसली आणि सगळे दोनदा ओरडून सांगायला लावले. मग म्हणाली, “माग की माफी! दोन शब्दांनी जीभ झिजते का तुझी?”

“जे केलं नाही त्याची?”

“सगळं जग मागतं. हे गुडघे घेऊन मी कुठल्या जिन्यावर चढू, सांग?”

 मावशी कपाटातले कपडे काढून घड्या घालू लागली. घड्या घालून झाल्यावर म्हणाली, “अक्का, मी खोटी माफी मागितली तर ही खोली राहील. पण मग सव्वीस वर्षं मी जे जे नीट ठेवलं, ते सगळंच वाकडं होतं असं ठरेल. चालेल तुला?”

“मोठ्याने बोल!”

“चालेल का, म्हटलं!”

अक्का गुडघे धरून माझ्यावरून उठली. तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट. मग म्हणाली, “मग याचं कापड आत्ताच फाड. दाखव नेऊन.”

“मी एकटीनं काढलं तर म्हणतील हिनंच भोकं पाडली. सगळ्यांसमोर काढीन.”

पुढचे दिवस बहिणी सामान बांधत राहिल्या. भांड्यांची एक पेटी झाली, कपड्यांची दोन गाठोडी. मावशी मधेच उठून चर्च झाडून यायची. शनिवारी फरशीही पुसली. काम अजून तिचे होते, असे तिचे म्हणणे.

रविवारी चर्च भरले. अध्यक्षबाई पुन्हा आल्या होत्या. मांडीवर तीच पिशवी, पिशवीतून लांबट पाकिटाचे टोक बाहेर. पाळकसाहेबांची नजर सारखी त्या टोकाकडे जात होती. शुक्रवारी दुसऱ्या गृहस्थांचाही उपदेश ऐकून झाला होता. निर्णय पाळकसाहेबांच्या बाजूने लागला होता, हे पंचांना आधीच कळले होते आणि अर्थातच सगळ्या गावाला. पत्र उपासनेनंतर द्यायचे होते.

मुख्य पंच उभे राहिले. “मावशींना दोन शब्द बोलायचे आहेत.”

मावशी पुढे आली. पण माइककडे गेली नाही. पुलपिटामागे गेली, मला उचलले आणि मंडळींसमोर मोकळ्या जागेत आणून ठेवले. बावीस वर्षांत प्रथमच मला समोरून चर्च दिसले. बरे होते.

“मला बोलायचं नाही,” ती म्हणाली. “याचं ऐका.”

तिने पदरातून पक्कड काढली. एकेक चूक उपटली, हिरवे कापड बाजूला केले. “ज्याला बघायचं त्यानं वाकून बघावं.”

कुणी उठेना. सगळे एकमेकांकडे बघत होते. कुणाला पहिले वाकायचे नव्हते. त्या शांततेत शेवटच्या बाकावर अक्का शेजारणीच्या कानात कुजबुजली. तिची कुजबुज म्हणजे काय ते मी सांगितलेच आहे.

“काय गं, पडला तो पायावर, मग पट्टी अंगठ्याला कशी?”

तीनशे माणसांनी एकदम पाळकसाहेबांच्या डाव्या अंगठ्याकडे पाहिले. अंगठा खिशात गेला. कुणीतरी फिसकन हसले. आणि मधल्या बाकावरून सुतार उभा राहिला.

“खिळे माझे आहेत,” तो म्हणाला. “आठ. चार इंच मी चढवले, शनिवारी.”

“बस खाली,” मुख्य पंच दबक्या आवाजात म्हणाले. “बाकांचं अजून ठरायचंय.”

“बाक गेले खड्ड्यात. चौदा दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये.” सात दिवसच झाले होते, पण ज्याचा घास त्याला माहीत.

अध्यक्षबाई उठल्या. पिशवी बाकावर ठेवली, गुडघ्यावर हात टेकून माझ्यापाशी वाकल्या आणि एकेक भोक बोटाने मोजले. आठ भरली. मग त्यांनी वर पाळकसाहेबांकडे पाहिले. 

पाळकसाहेब लंगडत खाली आले. मन बदलले म्हणून आले की दुसरा रस्ता उरला नाही म्हणून, ते मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही. पहिल्यांदा पाय आले एवढे खरे. मन मागून आले असावे. ते माझ्याजवळ फरशीवर उभे राहिले, पाच फूट तीन, आणि हातातल्या माइकमध्ये बोलले.

“मावशींनी खोका नीटच ठेवला होता. वरचे चार इंच मी लावून घेतले. मी पडलो आणि नाव त्यांचं घेतलं. बुधवारी पुन्हा घेतलं. मी खोटं बोललो.” मग ते मावशीकडे वळले. त्यांचा आवाज माइक असूनही शेवटच्या बाकापर्यंत गेला नाही. “मला क्षमा करा.”

“करीन,” मावशी म्हणाली. “पण आज नाही. बुधवारी या. माझीही सभा बसायला नको?”

यावर लोक एवढे हसले की मुख्य पंचांना प्रार्थना सुरू करावी लागली.

उपासनेनंतर पाळकसाहेब अध्यक्षबाईंपुढे जाऊन उभे राहिले. आपण कबूल केले, आता पत्र मिळेल, अशी अंधुक आशा त्यांच्या तळव्यांत असेल. मी त्या वेळी त्यांच्याखाली नव्हतो. बाईंनी पाकीट पिशवीत आत ढकलले.

“कबुली चांगली होती,” त्या म्हणाल्या. “पण तिला बक्षीस लावलं तर उद्या सगळेच आधी खोटं बोलतील. इथलं काम करा. इथे पुष्कळ आहे.”

बुधवारी पाळकसाहेब मागच्या खोलीवर आले. अक्काने त्यांना बसायला मलाच पुढे केला आणि स्वतः पलंगावर बसली. दोन गाठोडी अजून सोडलेली नव्हती. मावशीने आधी ती त्यांना सोडायला लावली, कपडे कपाटात ठेवायला लावले, आणि मग चहा दिला. क्षमा चहाच्या आधी झाली की नंतर, ते मला कळले नाही. दोघेही ते शब्दांत बोलले नाहीत.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुणी वर्गाचे, कुणी कारखान्याचे, कुणी चर्चचे पुढारी व्हाल. माझी विनंती नाही, बजावणे आहे. कुणी तुमच्याकडे नम्रता मागू लागला, तर आधी बघा तो कशावर उभा आहे. आणि तुम्ही स्वतः कुणाच्या पाठीवर उभे असाल तर त्याचे नाव मोठ्याने घ्या, पडायच्या आधीच. वस्तूंची निगा राखा असे सगळे सांगतात. मी सांगतो, जी माणसे वस्तू जागेवर ठेवतात त्यांची राखा. माझे म्हणाल तर मी ठीक आहे. कापड गेले, भोकांतून वारा खेळतो.

आता या प्रकरणाची किंमत म्हणून कुणी काय भरले ते सांगतो आणि थांबतो. पाळकसाहेबांनी प्रमुखपद भरले. सुताराने बाकांचे काम. ते दुसऱ्या कुणाला मिळाले. अक्काने चार दिवस दुखऱ्या गुडघ्यांनी सामान बांधले. मावशीने, जिने काहीच केले नव्हते, सगळ्यांच्या आधी भरले आणि सगळ्यांत जास्त भरले. आणि ज्यांनी वाकून न बघता हात वर केले त्या सात पंचांनी झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त करणारा एक ठराव केला, एकमताने. तो मावशीला कुणी वाचूनही दाखवला नाही. ते अजून पंचच आहेत. त्यांनी अजून काही भरलेले नाही.